सरगुंडे आणि फुलांचा राजा

पुण्याहून निघालो तेव्हा हिने दशम्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "सांभाळून जा. पोचल्याचं पत्र आलं की बरं वाटेल." आमच्या घरात कौतुक 'बरं वाटलं' याच्या पुढे जात नाही. मी नोकरीत कायम झालो तेव्हा हिला बरं वाटलं होतं आणि मुलगी झाली तेव्हाही बरंच वाटलं होतं. एकेकाचा स्वभाव असतो.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात शब्दकोश उघडायला बंदी आहे. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं आणि वाक्य संपलं की मागे वळून बघायचं. शेजारचे शब्द त्याचा अर्थ आपण होऊन सांगतात, असा माझा सिद्धांत आहे. याच सिद्धांतापायी गुलाबरावाने मला मे महिन्याच्या सुट्टीत, भर उन्हात, वऱ्हाडात बोलावलं.

गुलाबराव कॉलेजात माझ्या खोलीवर राहायचा. आता बाळापूरकडे शेती करतो. त्याच्या गावातली मुलींची शाळा शिकवायला बाई मिळत नाही म्हणून बंद पडली होती, आणि त्याच्या बायकोच्या, म्हणजे द्वारकावहिनींच्या, मनाने घेतलं होतं की ती शाळा आपण उघडायची. त्यासाठी अमरावतीच्या ट्रेनिंगला प्रवेश हवा. प्रवेशासाठी परीक्षकांसमोर न पाहिलेला उतारा मोठ्याने वाचून समजावून सांगायचा. त्याची तयारी मी करून घ्यायची होती.

अकोल्याच्या स्टेशनावर पाय ठेवला आणि वाटलं, चूल पेटती ठेवून कुणी तरी दार उघडलं आहे. गुलाबराव समोरच होता. "काहून रे आनंदा, लेका वाळून गेला तू!" म्हणत त्याने माझ्या कोटाच्या खिशात एक कांदा घातला. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही म्हणे. नाही लागलं. बाळापूरच्या मोटारीत माझ्या शेजारीही कुणी बसलं नाही, त्यामुळे प्रवास ऐसपैस झाला. दोन्ही बाजूंना काळी रानं उन्हाने तडकली होती. बाळापूरचा किल्ला दिसला, नदीत पाणी होतं की नुसती चमक ते समजलं नाही. पुढे बंडी (बैलगाडी).

घरी पोचताच गुलाबरावाचे वडील म्हणाले, "गुर्जी, हातपाय धुवा. संध्याकाळी सरगुंडे हायेत."

मी सिद्धांत लावला. आदरार्थी अनेकवचन, संध्याकाळची वेळ, हातपाय धुण्याची सूचना. सरगुंडे नावाचे कुणी वजनदार गृहस्थ जेवायला येणार, हे उघड होतं. मी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि ओसरीवर ताठ बसून राहिलो. पानं वाढली तरी मी दाराकडेच पाहत होतो.

"कोनाची वाट पाहून राह्यले?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"सरगुंड्यांची."

त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. सरगुंडे (गव्हाच्या पिठाच्या हातवळणीच्या शेवया) आमरसात बुडून माझीच वाट पाहत होते. घरातल्या बायका आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी तीनदा घेतले. चव फार चांगली असते.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्यांनी मुद्द्याचं सांगितलं. "एक डाव जाऊ देतो सुनेले. झालं तं झालं. नाही झालं, तं पुन्हा शाळेचं नाव नाही काढाचं." आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. वहिनींचं वाचन खणखणीत होतं. नवऱ्याला त्या 'आमचे हे' म्हणत. त्यात मला काही विशेष वाटलं नाही, आमच्याकडेही तेच चालतं. माझा सिद्धांत त्यांनी नीट ऐकून घेतला.

"म्हंजे गावात नवीन मानूस आला, तं तो कोनाच्या ओट्यावर बसते ते पाहाचं," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

"मंग भाऊजी, सरगुंड्यायचं काहून नाही समजलं तुमाले?"

मी पुढचा धडा काढला.

परीक्षेला आम्ही तिघे निघालो. अकोल्याहून रेल्वे, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. डब्यात एका म्हातारीने वर्तमानपत्राच्या पुडीत फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) दिली. शेंगा संपल्यावर वहिनींनी पुडीचा कागद पसरला आणि वाचू लागल्या. 'सभा तहकूब झाली. उरलेल्या विषयांवर उद्या चर्चा होईल.' तहकूब त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "आज अर्धी राह्यली, उद्या बसतीन," त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी म्हातारीकडून आणखी शेंगा घेतल्या.

परीक्षा एका लांबट खोलीत होती. सोबतच्या माणसांना मागच्या बाकावर बसू देत होते. समोर दोन परीक्षक: चष्मेवाले एक साहेब आणि नऊवारीतल्या वयस्क हेडमास्तरीणबाई. साहेबांनी पुस्तक उघडून दिलं. धडा गुलाबाच्या बागेवर होता.

पहिलंच वाक्य, 'गुलाबाला फुलांचा राजा म्हणतात.'

वहिनी थांबल्या. पदर सारखा केला आणि वाचलं, "काटेवाल्या झाडाच्या फुलाला फुलांचा राजा म्हणतात."

"आहे तसं वाचा," साहेब म्हणाले.

"लग्नात त्या फुलाचं पाणी शिंपडतात."

"पहिला शब्द वाचता येत नाही का?"

"येते."

"मग वाचा."

वहिनींनी पुन्हा पदर सारखा केला. साहेबांनी पेन उचललं. कुठल्याही अडलेल्या शब्दाची तोड मी शिकवली होती. न अडलेल्या शब्दाची माझ्याकडे नव्हती. शेजारी गुलाबराव घामाने निथळत होता. शेवटी तो उठलाच. "म्हन ना वो! माही काई हरकत नाही!"

"तुमच्या हरकतीचा सवाल नाही," वहिनी मागे न वळता म्हणाल्या. "मले नाही म्हनाचं."

हेडमास्तरीणबाईंनी बाकाकडे पाहिलं. "तुमचं नाव?"

"गुलाबराव," तो म्हणाला आणि खाली बसला.

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "भावना समजली. पण वाचन म्हणजे वाचन." त्यांचंही खोटं नव्हतं. बाईंनी विचारलं, "उद्या वर्गात हाच धडा आला तर मुलींना कसा शिकवशील?"

"मी शब्दावर बोट ठेवीन. पोरी म्हनतीन. त्याईचं अजून लगन कुठं झालं?"

"दाखव," बाई म्हणाल्या. "समज, हे साहेब तुझ्या वर्गात आहेत."

वहिनी टेबलाजवळ गेल्या, पुस्तक साहेबांपुढे धरलं आणि शब्दावर बोट ठेवलं. साहेब छताकडे बघून म्हणाले, "गुलाब."

"बरोबर. पुढं?" वहिनींनी उरलेलं वाक्य वाचलं, अर्थ सांगितला, पुन्हा बोट ठेवलं. धडा संपेपर्यंत साहेब न चुकता बोलत होते. शेवटी शेवटी तर बोट ठेवायच्या आतच सांगू लागले.

वहिनींना प्रवेश मिळाला. गुलाबरावाने आम्हाला अमरावतीत उसाचा रस पाजला आणि स्वतः न पिता नुसता उभा राहून डोळे पुसत होता. "ऊन लय हाये रे आनंदा," म्हणाला.

पुण्याला पोचलो. हिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी बूटही न काढता सगळी हकिगत सांगितली. ही सरगुंड्यांना हसली, बोट ठेवण्याच्या जागी मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "शाळा उघडणार तर. ऐकून फार बरं वाटलं."

मी पेला खाली ठेवला. नोकरीत कायम झालो तेव्हाचं आठवलं. मुलगी झाली तेव्हाचं आठवलं. इतक्या वर्षांची वाक्यं, आणि त्या सगळ्यांत एकच शब्द गाळलेला. जन्मभर शेजारचे शब्द बघायला शिकवणारा मी, आणि शेजारी कोण बसलंय ते बघितलंच नव्हतं.

"नुसतं बरं?" मी विचारलं.

तिने माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"आनंद," मी म्हणालो.

"झाला," ती म्हणाली. "आता बूट काढा."