केसभरची अल्बम जोखायची रीत

डोक्यावर औषधाला केस नाही अशा माणसाला कारखान्यात सगळे 'केसभर' म्हणत. कारण लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे कातून झालेला लोखंडी भाग, हातात घेतला की हा टर्नर म्हणायचा, "केसभर कमी आहे," आणि बाजूला ठेवायचा. बहुतेक वेळा तो खरोखरच कमी असायचा.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्याने गाण्यांचे अल्बम मोजायला घेतले. आधी दहापैकी गुण देऊन पाहिले. एकाच अल्बमला चहानंतर आठ पडले आणि दाढ दुखत असताना पाच. मग चांगली गाणी मोजली. त्यातही मेळ बसेना. चार बऱ्या गाण्यांचा अल्बम एका जीवघेण्या गाण्याच्या अल्बमला मागे टाकायला लागला. ज्या फुटपट्टीची लांबी रोज बदलते ती काय कामाची?

खरी रीत त्याला हातानेच दाखवली. शेजारपाजारच्या कात्र्या-सुऱ्यांना तो गॅलरीत बसून धार लावून द्यायचा. प्लेअर शेजारी चालू असायचा. एकदा कात्री दगडावर तशीच राहिली आणि गाणं संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हात थांबलाय. तो म्हणाला, हे खरं माप. कान लबाडी करतो, हात करत नाही.

तेव्हापासून नियम ठरला. अल्बम कामात असतानाच ऐकायचा, कारण रिकाम्या हाताने बसलेल्याला काहीही आवडतं. हात आपणहून थांबला तर सीडीच्या डब्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पूर्ण ठिपका. हात गाण्याच्या चालीवर चालायला लागला तर अर्धा. हाताला गाण्याचा पत्ताच नसला तर डबा कोरा.

बायको म्हणायची, "अहो, जेवताना हात थांबला तर कितीचा ठिपका?"

"तिथे उलटं मोजायचं."

"म्हणूनच थांबत नाही वाटतं कधी."

मुलगी दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर बसायची आणि संध्याकाळी तिघा मित्रांबरोबर गायची. दोन वर्षं खपून त्यांनी अल्बम केला. सोमवारी तो बाहेर पडणार होता. गुरुवारी तिने डबा बाबांपुढे ठेवला.

"ठिपका हवाय, बाबा. मुलगी म्हणून नको, खरा. नाही मिळाला तर मी हा बाहेर काढणार नाही."

"तुझे मित्र?"

"त्यांना मी बघते."

ती गेल्यावर केसभरने सुरी घेतली, दगड ओला केला, प्लेअर लावला. पहिल्या ओळीआधीच हात थांबला. शब्दसुद्धा धड सुरू झाले नव्हते, तिने नुसता श्वास घेतला होता. त्याने प्लेअर बंद केला. हा हात गाण्याला थांबला नव्हता, आवाजाला थांबला होता. जिन्यातून तिने "बाबा" अशी हाक मारली तरी तो असाच थांबायचा.

लेथवरून उतरलेला जॉब गरम असतो. गरम लोखंड फुगतं, जास्त भरतं. म्हणून शहाणा टर्नर त्याला थंड होऊ देतो आणि मगच माप घेतो. केसभरने डबा फडताळात ठेवला आणि थंड होण्याची वाट बघत बसला.

तिकडे मुलीचा जीव टांगणीला. शुक्रवारी ती आली, जेवली, बाबांकडे बघत राहिली. बाबा कात्रीच्या स्क्रूबद्दल बोलले. शनिवारीही तेच. ती गेल्यावर बायको कडाडली, "पोरीला 'छान आहे' म्हणालात तर जीभ झडेल का तुमची?"

"छान आहे हे मला कुठे माहीत आहे?"

रविवारी सकाळी त्याने डबा पुन्हा काढला. थंडबिंड काही झाला नव्हता. पण या वेळी मध्ये बंद न करता त्याने अख्खा अल्बम ऐकला. दुपारी मुलगी आली ती चपला न काढताच म्हणाली, "नाही ना आवडला? सरळ सांग. मी आत्ता फोन करून टाकते."

"बस आधी. तुझा अल्बम मला मोजता येत नाही."

"म्हणजे?"

"गरम आहे. तू गायलीस की हात थांबतो. गाण्यामुळे की तुझ्यामुळे, ते मला कळत नाही. मग ठिपका कसला देऊ?"

मुलीला हसू आलं आणि डोळेही भरले. केसभर मात्र हसला नाही.

"एक सोडून. चौथं. ते लागलं कधी आणि संपलं कधी, कळलंच नाही. कात्रीला पुरी धार झाली तेवढ्यात. गरम जॉब जास्त भरतो, पोरी. गरम असूनही जो कमी भरला तो कमीच आहे."

तिने आता चपला काढल्या. मग म्हणाली, "त्या दिवशी घसा बसला होता. स्टुडिओची वेळ संपत आली होती. सगळे म्हणाले, चालतंय."

"आणि तू?"

"मीही म्हणाले, चालतंय."

"मला वाटलंच," केसभर म्हणाला. "आळसाने नाही झालं. दमून झालं. पण ऐकणाऱ्याला त्याचं काय?"

मुलीने फोन लावला. पलीकडे ढोलकीवाला मित्र वैतागल्याचं घरभर ऐकू आलं. "अगं, उद्या बाहेर पडायचाय!" ती ठामपणे म्हणाली, "उद्या नाही. चौथं मी परत गाणार. घसा नीट असेल त्या दिवशी. मग बाहेर काढायचा. हो, काढायचाच."

बायकोने गुळण्यांसाठी मीठ-पाणी गरम करायला ठेवलं.

निघताना मुलगी दारात थांबली. "बाबा, ठिपक्याचं काय?"

"थंड झाला की बघू."

"नाही झाला तर?"

केसभरने जरा विचार केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा जॉब त्याच्याकडे आला नव्हता.

"मग दुसरा कोणीतरी मोजेल," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही व्हायचं."