छतावरचे कॉन्ट्रॅक्टर

ज्या इमारतीला दार आहे ती इमारत धोक्यात आहे, असं ठामपणे मानणारा माणूस साऱ्या शिरूर तालुक्यात एकच होता, आणि ते माझे मामा. सणसवाडीच्या एका कारखान्याच्या फाटकावर ते रखवालदार होते. न्हावऱ्याहून रोज एसटीने जायचे आणि येताना फाटक डोक्यात घेऊन यायचे. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवाच्या वाटा मोजायचे. एकदा खुटबावला सोयरीक बघायला गेलो, तर चहा पुढे आला तेव्हा हे परसदारी. परतताना म्हणाले, स्थळ चांगलं आहे, पण मागच्या दाराला आतून कडी नाही. सोयरीक जमली. कडी मामांनी स्वतः नेऊन बसवली.

असल्या माणसाला युद्धाचे सिनेमे आवडावेत यात नवल नाही. आमच्या घरी सीडी प्लेअर आला त्या वर्षी मी एक इंग्रजी सिनेमा आणला. परका मुलूख, तिथं एका देशाची वकिलात, कंपाउंडला बंदूकवाल्यांचा वेढा, आणि पाचसहा जण छतावरून ती राखताहेत. मी कॉलेजात, म्हणून भाषांतर माझ्याकडे. हे मिलिट्रीतले का, असं मामांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सिक्युरिटी कॉन्ट्रॅक्टर आहेत. मामांनी सिनेमा थांबवायला लावला.

"कॉन्ट्रॅक्टर? आन् सोता छतावर?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार. मामांचा ठेकेदार दसऱ्याला जीपमधून यायचा, नारळ फोडायचा आणि जायचा. गोळी सोडाच, त्याने कधी दुपारचं ऊनही झेललं नव्हतं. तिकडे कंत्राटावरच्या गड्यालाच कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, असं मी समजावलं. मग चौकशी सुरू झाली. ह्यांना सहा महिन्यांनी ब्रेक देतात का? शिट्टी स्वतःची की कंपनीची? पाळी बदलायला रिलीव्हर वेळेवर येतो का? सिनेमा तीनदा पाहिला, तरी एक शंका फिटेना. "कायम न्हाईत, तर पळालं का न्हाईत?"

कायम हा मामांचा हळवा शब्द. कंपनीच्या पटावर नाव लागावं म्हणून ते बारा वर्षं वाट पाहत होते. नोकरी सलग होऊ नये म्हणून दिलेल्या दर ब्रेकनंतर नवा कागद, नवी सही, आणि पिकल्या मिशांचे मामा पुन्हा नवे भरती.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याने ठेकेदारच बदलला. नव्याला तरणे गडी हवे होते. आता कायम होणं संपलंच. मामांच्या शेवटच्या दिवशी तीनला सुट्टी होती, म्हणून मामीने पुरणपोळ्या केल्या. पाच वाजले तरी पत्ता नाही. मी मोटरसायकल काढून सणसवाडी गाठली, तर मामा कडक इस्त्रीत फाटकावर उभे. नव्या ठेकेदाराचा माणूस आलाच नव्हता. मी म्हटलं, मामा, तीनपासून तुम्ही इथले कुणी नाही, चला.

"रिलीव्हर आल्याबिगर फाटक सोडत्यात व्हय? मोकळं ऱ्हाईल की."

अर्ध्या तासाने दौंडकडचा एक पस्तिशीचा माणूस धापा टाकत आला. मामांनी किल्ल्या दिल्या, फाटक जरा उचलून ओढायचं असतं ते दाखवलं, आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीवर बसताना मामांना आठवलं, डबा केबिनमध्येच राहिला. मामा वळले, तर त्या माणसाने हात आडवा केला. "पास दावा, आप्पा. बिगरपासाचं कुनाला आत न्हाई."

मला भयंकर राग आला. मी भांडायला पुढे सरसावलो, पण मामांनी दंड धरून मला मागे ओढलं. डबा तिथंच सोडून आम्ही निघालो. वाटेत मला त्यांचं फार वाईट वाटत होतं. मामा मात्र मागे बसून न्हावरं येईपर्यंत एकच सांगत होते, "मानूस बराबर घावला बघ. मला सुदीक सोडलं न्हाई."