तेल प्यालेलं रबर

"थापाड्याऽऽ! ए थापाड्या! जोमा गेला रेऽऽ!"

राघोची होडी अजून रेवसच्या धक्क्याला लागायची होती, आणि तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून असा बोंबलत होता की पलीकडे मुंबईत लोकांनी खिडक्या उघडून पाहिलं असेल. थापाड्या म्हणजे मी. लाँचच्या तिकिटाच्या खिडकीत बसतो आणि प्रत्येक तिकिटाबरोबर एखादी गोष्ट फुकट देतो, म्हणून हे नाव. मी खिडकीतून मुंडी बाहेर काढली आणि त्याच्या वरताण ओरडलो, "कुठं गेला? आणि मला न सांगता कसा गेला?" धक्क्यावरची मंडळी हसली. मीही हसलो... मग राघोनं डोक्यावरची लाल टोपी काढून छातीशी धरली.

थळला आपल्या अंगणात जाळं विणता विणता जोमा बसल्या जागी कलंडला होता. हातातली सुईसुद्धा सुटली नव्हती म्हणे. त्याला आता काही आठवडे झाले, पण सख्ख्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून खदाखदा हसलेला या किनाऱ्यावरचा मी एकटाच, हे काही डोक्यातून जात नाही. हसलो ते एवढ्यासाठी की 'जोमा गेला' हे मला थट्टेचंच वाटलं. जोमा कधी कुठे गेलाच नव्हता. आयुष्यात एकदा जाणार होता, आणि ते राहिलं. का राहिलं ते किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: खांदेरीच्या खडकात बैलाएवढं, दहा हातांचं माकूळ राहतं, त्यानं जोमाच्या तोंडावरची पाण्यात बघायची काच हिसकावून घेतली आणि अमावस्येला ती लावून ते भरतीबरोबर थळच्या बाजारात मासळीचे भाव बघायला येतं. ही गोष्ट मीच केलेली. मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की परवा एका प्रवाशानं तीच मला सांगितली, वर शपथ घेऊन. खरं काय झालं ते आज लिहितो.

जोमा बुडी मारायचा. म्हणजे कशी? सकाळी थळला बुडाला की मी चहा प्यायचो, दाढी करायचो, किहीमला पाव आणायला जाऊन यायचो, तेव्हा हा वर यायचा आणि विचारायचा, "चहा उरलाय का?" बरं, एवढी नाही, पण बघणाऱ्याचा जीव घाबराघुबरा होईल एवढी नक्की. कुणाचा नांगर तळाला अडकला, कुणाचं जाळं खडकाला लागलं, की बोलवा जोमाला. पण आपलं पाणी कसं, तर दुधाच्या चहासारखं. खाली गेलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. जोमानं सगळं काम हातांनी चाचपून केलं. नांगर त्यानं शेकड्यांनी काढले, पण तळाशी पडलेला नांगर दिसतो कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

खूप वर्षांपूर्वी एकदा मुंबईहून एक ठेकेदार आला. दक्षिणेला लखदीवच्या बेटांकडे बुडालेल्या जहाजाचं पितळ आणि मोठाले शंख काढायला पाणबुडे न्यायचे होते. हवेच्या टाक्या त्याच्या, बाकी सामान ज्याचं त्यानं आणायचं, आणि दोन वर्षं घरी परतायचं नाही. तो म्हणाला, तिकडचं पाणी घंगाळातल्या पाण्यासारखं कोमट, आणि असं नितळ की वरून टाकलेली सुई तळाला टेकेपर्यंत दिसते. जोमा त्या दिवशी जेवला नाही. मला वाळूवर नेऊन म्हणाला, "मना एकदा बघाचा हाय रे. सगला जलम नुसता चाचपतोय."

घरी मात्र सांगायची सोय नव्हती. जोमाच्या बायकोचा, हिरावहिनीचा बाप असाच बाहेरच्या गलबतावर चढून गेला होता आणि परतला नव्हता. तिची आई बंदरावर उभं राहून राहून वेडी झाली. अशा बाईला कोण सांगणार, मी दोन वर्षं जातो म्हणून? जोमा म्हणाला, "सामान तर घेऊ. मंग बघू." तिला सांगितलं ते एवढंच, की खाडीतले नांगर काढायला जरा बरी हत्यारं आणतो.

मग आम्ही दोघं सुक्या बोंबलांचं पोतं घेऊन मुंबईला, गोदीमागच्या जुन्या सामानाच्या बाजारात. तिथं एक चाचा होता. त्याच्या दुकानात परदेशी खलाशांनी विकलेलं काय वाटेल ते मिळायचं. मला तर तिथं आख्खी बोट हँगरला टांगलेली दिसली. चाचानं आधी काढला जाड रबराचा अंगभर अंगरखा. जोमानं त्यात एक पाय घातला आणि घामानं चिंब होऊन काढला. मी म्हटलं, "चाचा, आम्हाला गरम पाण्यात जायचंय, बर्फात नाही." चाचा हसला. "फिर ये काहे को? एक पुरी बाह्यांची बनियन पहनो, बस. पत्थर से छिलेगा नहीं, जेली मच्छी काटेगा नहीं." पायातली रबरी वल्ही मात्र त्यानं घालून चालायला लावली, टाचेला चावली तर पाण्यात गोळा येतो म्हणे. भर बाजारात, कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी, आणि पायांत ती वल्ही, असा जोमा फटाक फटाक करत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. मागे निदान अर्धी मुंबई होती. कंबरेच्या पट्ट्याचा आकडा एका हातानं सुटतो की नाही ते चाचानं डोळे मिटून करून दाखवलं. वजनासाठी शिसं विकत घ्यायची गरज नव्हती, जाळ्याच्या गोळ्या घरी होत्याच. श्वासाचं यंत्र, त्याच्या दोन्ही बाजूंच्या घड्या घड्यांच्या रबरी नळ्या, सगळं जोमानं कानाला लावून, फुंकून, ओढून पाहिलं.

घोडं अडलं ते डोळ्यांवरच्या काचेपाशी. चाचा म्हणाला, "पट्टा मत बांधो. खाली मुंह पे लगाव, नाक से सांस खींचो, हाथ छोड दो. टिका तो तुम्हारा." जोमानं लावली, श्वास ओढला, हात सोडला... पडली. दुसरी लावली, पडली. दुकानातल्या सगळ्या पडल्या. कारण जोमाची मिशी! दोन कावळे दोन्हीकडे बसले असते आणि तिसऱ्याला जागा उरली असती, अशी ती मिशी. रबर तिच्यावर टेकतच नव्हतं. चाचा सहज बोलून गेला, "मूंछ निकाल दो."

"बाप जिता हाय माझा!" जोमा असा गरजला की दुकानातल्या एका होकायंत्राचा काटा दिशा विसरला.

चाचाला कळेना. मी समजावलं की आमच्याकडे बाप मेल्यावर मिशी काढतात. हा सफाचट होऊन घरी गेला तर म्हातारा आरशात बघून विचारील, मी कधी मेलो? चाचानं कानाची पाळी धरली, "तोबा, तोबा," म्हणाला आणि तोडगा दिला. "मूंछ को तेल लगाव. बाल चिपक जायेगा, फिर पानी नहीं घुसेगा." मिशीला बोटभर खोबरेल चोपडलं. लावली, ओढला, सोडला... टिकली! जोमा ती काच तोंडावर तशीच ठेवून हात पसरून नाचला.

घरी आल्यावर हिरावहिनीनं सामान उलटंपालटं करून विचारलं, "याला ठेवाचा कसा?" जोमाला भीती एकच, की एका प्रश्नातून दुसरा निघेल. त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "तेल लागतं त्याला." मिशीचं नाव नाही, चाचाचं नाही. बोलणं तोडलं आणि बाहेर आला. मी अंगणात होतो, मी ऐकलं. मलाही त्यात काही खटकलं नाही. आपल्याकडे तेल कशाला लागत नाही? वल्ह्याला लागतं, कप्पीला लागतं, तान्ह्या पोराला लागतं. पावसाळ्याचे बंद महिने सामान माळ्यावर राहिलं आणि वहिनीनं काच, नळ्या, वल्ही सगळी तेलानं माखली, चिंध्यांत गुंडाळली, सुकली वाटली की पुन्हा माखली. नवऱ्याची वस्तू म्हणून स्वतःच्या केसांचं तेल तिनं त्यावर घातलं.

नारळी पौर्णिमा होऊन समुद्र उघडला आणि ठेकेदाराची लाँच थळसमोर उभी राहिली. ज्याला त्याला सामानासकट एकदा खाली सोडून बघत होते. जोमानं चिंध्या सोडल्या... रबर फुगून भिजल्या पापडासारखं झालं होतं. काच तिच्या चौकटीत डुगडुगत होती. नळ्यांच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या. ओढल्या तर लांबल्या, त्या परत आखडेनात. तरी गडी उतरला. पहिल्याच श्वासाला नाकातोंडात पाणी घेऊन वर आला. ठेकेदाराच्या माणसानं ते सगळं फळीवर टाकलं आणि म्हणाला, "असल्या सामानावर मी माणूस नेत नाही. मेला तर जबाबदार कोण?" ओहोटी लागली होती, लाँच निघून गेली. जोमा फुगलेली काच हातात घेऊन वाळूत बसला. मी विचारलं, "वहिनीवर ओरडणार?" तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं? तेल मीच सांगितला. कशाला ता नाय सांगितला. चोरून चाललो व्हतो, थापाड्या. तिला कलू देऊ नको की तेलानं झाला, नायतर इचारील, तुमी चालला कुठं व्हता." मी शब्द दिला.

आणि थोड्याच दिवसांत हिरावहिनीनं मला बाजारात गाठलं. पाटी डोक्यावरून उतरवली नाही, तशीच उभी. "भावोजी, ते जानार व्हते. त्या दिशी लाँचवाल्या मानसानं घर इचारत येऊन मनाच सांगितला. रबर तेलानं गेला ना?"

मी म्हटलं, "छे! वहिनी, खांदेरीला एक माकूळ आहे, बैलाएवढं..."

"थापा नको. त्यांना सांगू नका रबर माझ्या तेलानं गेला. त्यांना वाटंल मी मुद्दाम जास्ती घातला, त्यांना अडवाया."

तिलाही शब्द दिला. किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या तोंडात दोन गुपितं, एकमेकांकडे पाठ करून बसलेली! माकुळाची गोष्ट मी त्याच आठवड्यात पसरवली. दोघांनाही ती हवीच होती. मी ती त्यांच्या अंगणात सांगायचो तेव्हा दोघं जरा जास्तच मोठ्यानं हसायची आणि एकमेकांकडे बघायची नाहीत. पुढची सगळी वर्षं वहिनीनं माशाचं डोकं स्वतःच्या ताटात घेतलं नाही, ते जोमाला. जोमाला एस.टी.त बसलं की ओकारी यायची, तरी तिच्या मनात आलं की तो तिला पालीला बल्लाळेश्वराला घेऊन जायचा आणि वाटेत प्रत्येक वळणावर खिडकीबाहेर डोकं काढायचा. कधी भांडण नाही. गावातल्या सासवा नव्या सुनांना सांगायच्या, संसार करावा तर त्या दोघांसारखा. मला मनातून हसू यायचं. सगळ्या थळमध्ये मला एकट्याला माहीत होतं की ही दोघं एकमेकांची माफी मागतायत, आणि कशाची ते बोलत नाहीत. कबूल करतो, मला ते माहीत असण्याची थोडी ऐट होती. तोंड बंद ठेवता येतं हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवत होतो. दाखवायला कुणी नव्हतं, तरी.

यंदा होळीच्या सुमारास जोमा रेवसला आला होता. तिकीट न काढताच खिडकीशी आला आणि म्हणाला, "हिराला सांगून टाकू का रे, त्या वक्ताचा?" तिकिटाला रांग लागली होती. मी म्हटलं, "आता कशाला? छान चाललंय तुमचं. आणि माझ्या माकुळाच्या पोटावर पाय देतोस होय?" तो हसला. "ता पन खरा," म्हणाला आणि गेला.

त्याचे दिवस झाल्यावर मी थळला गेलो. वहिनी अंगणात जवळा निवडत होती. मी जोमाच्या चार मजेच्या गोष्टी काढल्या, दोन जरा फुगवून सांगितल्या. ती ऐकत होती. मग मान वर न करता म्हणाली, "भावोजी, येक खरा सांगा. रबर माझ्या तेलानं गेला ता त्यांना कवा कलला का? मी मुद्दाम केला, आसा वाटत व्हता का त्यांना?"

मी सगळं सांगितलं. वाळूत बसून तो काय बोलला, ते शब्दशः. की त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. की मुद्दाम वगैरे त्याच्या मनाला शिवलंही नाही. की चोरून निघालो म्हणून तोच तिला तोंड दाखवायला लाजत होता, आणि होळीला तो सांगायलाच निघाला होता... आणि मी काय म्हणालो, तेही. जन्मात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली, एक शब्द वाढवला नाही. वाटलं, आता ती रडेल. निदान बरं वाटेल तिला.

तिनं जवळ्यातला एक खडा बाजूला टाकला.

"ते व्हते तवा सांगाचा व्हता, भावोजी."