पाण्यातून आधी कोण उठणार

२००८ सालची गोष्ट. मला तेव्हा अडुसष्टावं चालू होतं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीसुद्धा मास्तर आले त्या दिवसांपुरती. पण जांभ्याचे चिरे लावून मी आमच्या तालुक्यात पाचपन्नास घरं उभी केली आणि एकाचीही भिंत कलली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बायको गेल्यावर मुलाने मला सिडनीला नेलं. पेंडल हिलला त्याचं घर. तेव्हा आपल्याकडची पोरं तिकडे शिकायला नुसती लोटली होती. सुनेची भाचीही घरात होती; दिवसा युनिव्हर्सिटी आणि संध्याकाळी कुठल्याशा दुकानात शिफ्ट. तीन महिने झाले आणि मी म्हटलं, आता मला गावी जायचंय.

"जा ना," मुलगा म्हणाला. "पण रात्रीचं घरात कुणीतरी झोपायला हवं. काकाला सांगा."

काका म्हणजे माझा चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून राहतो. बायकोच्या तेराव्यानंतर त्याने आपण होऊन विचारलं होतं, ओटीवर येऊन झोपू का म्हणून. मी चारचौघांत त्याच्यावर उखडलो होतो, "मी काय तान्हं पोर आहे राखायला?" आता त्याच तोंडाने त्याला ये म्हणायचं? मी नाही म्हटलं. मुलगा तिकीट काढीना. आठ दिवस आम्ही बापलेक टीव्हीकडे बघत जेवलो.

शेवटी सूनच म्हणाली, "कुठेतरी जाऊन या दोघं." ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलात कामाला, तिला रजा नव्हती. भाचीला सुट्टी होती, तिला घेऊन आम्ही तिघं लाइटनिंग रिजला निघालो. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं, असं मुलगा म्हणाला. गाडीत दिवस गेला. माती लाल, अगदी आपल्यासारखी. उतरून हातात घेतली तर नुसतं पीठ. त्यात चिरा कसला निघतोय!

राहायला लाकडी खोली होती. पहिला दिवस आम्ही काहीच केलं नाही. पुढे खुर्च्या टाकल्या, भाचीने आलं घालून चहा केला, समोरच्या तारेवर गुलाबी छातीचे पोपट बसले होते ते बघितले. इतकं स्वस्थ मी कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. तिकिटाचा विषय कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावर गेलो. सिमेंटची गोल टाकी, पाण्याला अंड्यासारखा थोडा वास, भोवती थंडीचे महिने काढायला घरासारख्या गाड्या घेऊन आलेली गोरी म्हातारी माणसं. मला पाण्याची ओळख करून द्यायला नको होती. आमच्या शेजारच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे, लहानपणापासून मी त्यात उतरलोय. तिथला रिवाज एकच: वडीलधारा पाण्यात असेल तोवर धाकट्याने बाहेर यायचं नाही. तो उठला की मग बाकीचे.

माझ्या समोर एक पांढऱ्या दाढीचा गोरा बसला होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. मी म्हटलं, ऐंशीचा तरी असेल. झालं, मी बसून राहिलो. तो उठेना, मी उठेना. कपाळावरून घाम निथळायला लागला. मनात आणखी एक होतं, ते लपवत नाही: मुलाला दिसू दे, बाप अजून किती टणक आहे ते.

भाची काठावर पाय सोडून बसली होती. "आजोबा, इनफ! काकांकडे बघा, पार टोमॅटो झालाय."

तिचा काका म्हणजे माझा मुलगा; तो खरंच लालबुंद झाला होता. मी म्हटलं, "त्याला कुणी धरलंय? जाऊ दे की बाहेर."

"तुम्ही उठल्याशिवाय कसा जाऊ, बाबा?" मुलगा म्हणाला.

पंधरा वर्षं तिकडे राहिलेला माझा मुलगा. मला वाटत होतं, तो मला राखायला बसलाय. तो रिवाज पाळत बसला होता.

"मग मी तरी कसा उठू?" मी दाढीवाल्याकडे मान केली. "ते मोठे आहेत ना."

भाची हसत सुटली. तिने त्या माणसाला इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्याने बासष्ट सांगितलं आणि मला अंगठा दाखवला.

"आजोबा, ही इज सिक्स्टी टू! तुम्हीच सीनियर मोस्ट आहात!"

सगळी टाकी माझ्यासाठी थांबली असावी, असं वाटून मला लाज आली. मी ताठ उठलो आणि डोळ्यांपुढे काळं झालं. पायरी कुठे आहे तेच कळेना. दंडाला मुलाचा हात लागला. त्याने मला बाकावर बसवलं, भाचीने पाणी दिलं. वर मान करायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता हा म्हणेल, बघितलंत? एकटे राहणार होतात ना?

 पण त्याने माझे पाय पुसले आणि मला चपला घातल्या. संध्याकाळी पिठलंभात जेवताना म्हणाला, "सोमवारी तिकीट बघतो, बाबा." अट घातली नाही. घातली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं. हे न भांडता मिळालेलं घेणं जमेना. निम्मा भात ताटात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत पाण्यात उतरलो. दहा मिनिटं झाली आणि मी आपण होऊन उठलो, मुलाचा हात धरून. माझ्यामागे तोही आला. मग खोलीवर येऊन आपल्या गावात सकाळचे सहा वाजायची वाट बघत बसलो. भाचीकडून कार्डावर गावी फोन लावून घेतला. चुलतभाऊ म्हैस पिळून नुकताच आला होता.

"काय रे, बरा आहेस ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "बरा आहे. मी येतोय. तुझी खाट आमच्या ओटीवर आणून टाक."

"तान्हं पोर राखायला?" तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि म्हशीचं विचारलं.