उदक सोडलेले बैल

भगवंतरावांना सल्ला देण्याची खोड होती, आणि देवाच्या दयेनं ती पुरवायला त्यांना एक अख्खी संस्था मिळाली होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. भगवंतराव खामगावच्या गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झाले आणि त्याच सुमारास गावाबाहेरच्या गोरक्षण संस्थेला सरकारदरबारी नोंदणी करणं भाग पडलं. नोंदणी आली म्हणजे नियम आले. संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव जिनिंगवाले, हात मोकळा, मन मोठं. पण नियम म्हटलं की ते कागद दुसऱ्यापुढे सरकवायचे. त्यांनी भगवंतरावांना सल्लागार केलं. पगार नाही, फक्त चहा. तोही भगवंतरावांच्या मते पाणचट, पण त्यापायी त्यांनी एकही मीटिंग चुकवली नाही.

"जगाले शहाणपण वाटत फिरतात," मंजुळाबाई आपल्या नवऱ्याबद्दल म्हणायच्या, "अन् घरात मिठाचा डबा सापडत नाई."

त्यांचा सगळ्यात गाजलेला सल्ला उदकाचा. त्याआधी लोक भाकड गाय संस्थेत आणून बांधत आणि ती पुन्हा गाभण राहिली की "आमची हाय" म्हणत सोडून नेत. भगवंतराव कडाडले, "हे काय धर्मशाळा हाय? दान द्याचं तं हातावर पाणी घेऊन द्या. उदक सोडलं की नातं तुटलं!" तसा नियम झाला. जनावर फाटकात आलं की मालकाच्या ओंजळीत पाणी ओतायचं, त्यानं ते जमिनीवर सोडायचं आणि घरी जायचं. तेव्हापासून कुणी गाय परत मागितली नाही. सरकारचा कायदा माणूस एक वेळ मोडेल, पण सोडलेल्या उदकावर पुन्हा हक्क सांगायची छाती कुणाची होते?

भगवंतरावांना या नियमाचा फार अभिमान. दिलेला सल्ला आपण कधी मागे घेतला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कडबा औषधालाही मिळेना. एरवी म्हाताऱ्या गायी यायच्या, त्या फाटकात आता नांगराचे धडधाकट बैल येऊ लागले. पिंपळगाव राजा या गावचा कडूबा आपली हरण्या-बांड्याची जोडी घेऊन आला. त्यानं ओंजळीतलं पाणी सोडलं. बैलांच्या गळ्यात पडून तो हमसून हमसून रडला. भगवंतराव तिथंच उभे होते. "जनावर जगते हे मोठं," ते म्हणाले, आणि नियमाप्रमाणे रांगेतल्या पुढच्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतलं.

पुढच्या वर्षी मृग बरा लागला. शेतं पेरणीला आली. एका सकाळी कडूबा संस्थेच्या फाटकात उभा दिसला, काखेत कोवळ्या गवताची पेंढी.

"काऊन आला रे कडूबा?"

"काई नाई, सायेब. बैलाईले पाहाले आलो. हात फिरवतो अन् जातो."

त्यानं दोघांना गवत चारलं, शिंगं पुसली. हरण्या त्याचा सदरा चाटत राहिला. भगवंतरावांनी विचारलं, "पेरणीचं काय?"

"पाहू," कडूबा म्हणाला. "कोनाचे बैल रिकामे झाले तं भेटतीन." बैल परत द्या, असं तो चुकूनही म्हणाला नाही.

तो मागणार नव्हता, हेच भगवंतरावांना झोंबलं. भांडला असता, तर त्यांनी नियम दाखवला असता. ज्या माणसाने नियम इतका निमूट पाळला, त्याचंच शेत पडीक राहणार होतं. तिफण काय माणसांनी ओढायची? ते तडक उत्तमरावांच्या कापसाच्या जिनिंगवर गेले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "माहा सल्ला चुकला. भाकड गाईचा नियम म्या नांगराच्या बैलाईले लावला. दुष्काळातले बैल वापस द्याले पाह्यजे."

भगवंतराव सल्ला मागे घेताहेत, यावर उत्तमरावांचा विश्वास बसेना. पण माणूस मोकळ्या मनाचा. "देऊन टाकू. संस्थेनं उदक सोडाव, अन् ज्याचे त्याले दान द्याव."

कडूबाला निरोप गेला. तो आला, ऐकलं आणि दोन पावलं मागे सरला. "नाई सायेब. आमच्या घरात आजवर कोनं दान घेतलं नाई. द्याचा हात हाय आमचा. बैलापायी तो पसरू काय?" एवढं बोलून तो निघून गेला.

भगवंतराव घरी आले ते तोंड पाडून. दान परत मागता येत नाही, आणि दान म्हणून घ्यायला कडूबा तयार नाही. एक दार त्यांनी लावलं होतं, दुसरं कडूबानं. मंजुळाबाईंनी ताट वाढलं. "पंचमीले सिंधूले आणाचं पाहा," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाले, लेक माहेरी आली नाई."

भगवंतरावांचा घास हातातच राहिला. सिंधूचं कन्यादान त्यांनीच केलं होतं. उदक सोडून!

उष्ट्या हातानंच उठत होते, मंजुळाबाईंनी दटावून हात धुवायला लावले. मग छत्री घेऊन ते पुन्हा जिनिंगवर.

"उत्तमराव, लेक दान देते माणूस. पन थे माहेरी येते का नाई?"

"येते. पन त्याचं काय?"

"दुष्काळातले बैल माहेरी धाडू. दान नाई, वापसी नाई. माहेरपन!"

"अहो, पन बैल हायेत थे!"

"धाडतानी बाप रडला ना? मंग झालं तं!"

उत्तमराव आधी पोट धरून हसले, आणि मग दोन नव्या झुली त्यांनी स्वतःच्या खर्चानं दिल्या. लेक सासरहून उघड्या अंगानं कशी पाठवायची?

हरण्या-बांड्याला पोचवायला भगवंतराव स्वतः पिंपळगावला गेले. संस्था लेकी माहेरी धाडते आहे, म्हटल्यावर कडूबाला नाही म्हणता येईना. लेकीला दारातून परत लावणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता. त्याची बायको गोजरबाई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, दोघांवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. भगवंतरावांनाही आवरेना. त्यांनी सरळ रुमाल काढला.

कडूबानं कासरा हातात घेतला, पण जीव अजून टांगणीलाच. "सायेब," त्यानं हळूच विचारलं, "मुक्काम किती दिवसाचा म्हनाचा?"

"माहेरपनाले मुदत घालनारा बाप म्या तं पाह्यला नाई," भगवंतराव म्हणाले. "न्याले येऊ तवा येऊ."

हरण्या आणि बांड्या पिंपळगावातच म्हातारे झाले. संस्थेतून त्यांना न्यायला कुणी आलं नाही, आणि सल्लागारांनीही संस्थेला कधी आठवण करून दिली नाही.