काकी येईपर्यंत जागी

डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय ढिम्म. दुसऱ्या गुडघ्यावर केलं, तोही तसाच. "क्लाराबाई, हे गियाँ-बारे सिंड्रोम दिसतंय," ते म्हणाले. म्हणजे काय, तर शरीरातले जे शिपाई जंतूंशी लढतात, तेच खुळ्यासारखे आपल्या नसांवर तुटून पडतात. "पायांतून सुरू होऊन वर चढतं. हातांत आलंच आहे. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लावावं लागेल. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो."

मी विचारलं, "रविवारपर्यंत सोडाल ना?" डॉक्टरांनी भरतीच्या कागदावर सही केली.

रविवारी माझ्या आजाऱ्यांच्या भेटी असतात. मी मूळची गोराईची, लग्न होऊन बोरीवलीत आले. आमच्या चर्चमधल्या आजारी माणसांना मी वर्षानुवर्षं भेटते. पेज नेते, कुणाची नखं कापते, कुणाची चादर बदलते. तोंडाने मोठमोठ्या प्रार्थना मला जमत नाहीत. प्रभूवरचं माझं प्रेम हातांतूनच बाहेर पडतं.

अशाच एका घरी पेज घेऊन जिना चढत होते. वर पोचल्यावर त्या घरची सून म्हणाली, "आंटी, तुमची चप्पल?" चप्पल खालच्या मजल्यावर राहिली होती आणि माझ्या पायाला पत्ताच नाही! आधीपासून मुंग्या येत होत्या, मी अशक्तपणा म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही तसं करू नका. मुंग्या वर चढायला लागल्या की थेट हॉस्पिटल गाठा.

मग तपासण्या. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढतात. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांना बारीक करंट देऊन बघतात. बाहेरच्या बाकावर माझा नवरा पास्कल चहा न पिता कप धरून बसायचा. मग इम्युनोग्लोब्युलिनची बाटली लागली. ते औषध कितीतरी माणसांनी दिलेल्या रक्तातून बनतं. कोण कुठली माणसं, थेंबाथेंबाने माझ्यात उतरत होती.

दुखण्याच्या गोळीने मी तरंगत असायचे. छत म्हणजे गोराईची खाडी वाटायची, पंखा म्हणजे तिच्यातला भोवरा. माझी आई पलीकडच्या काठावर कपडे वाळत घालायची आणि माझ्याकडे बघायचीच नाही. मध्येच जाग आली की एकच भीती. हे हात असेच राहिले तर मी कुणाच्या कामाची? आणि कुणाच्याच कामाची नसेन, तर कसली ख्रिस्ती मी?

एका सकाळी आमचे फादर पवित्र तेल घेऊन आले. हे तेल आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून लावतात, लोक समजतात तसा मरणाशी त्याचा संबंध नाही, हे मी पन्नास घरांत समजावून सांगितलंय. पण तेलाची डबी बघितली आणि माझंच धाबं दणाणलं! पास्कलने तर बाहेर जाऊन गोराईला फोनच लावला. दुपारपर्यंत अर्धं गाव जपमाळा घेऊन खाटेभोवती, आणि मी हसावं की रडावं या विचारात. वॉर्डच्या सिस्टरने सगळ्यांना हाकललं.

शेजारच्या खाटेवर तावडेकाकी होत्या, मालवणकडच्या. साखरेच्या आजाराने पायाचा अंगठा काळा पडलेला. मला पाणी पाजायच्या, माझे केस विंचरायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी "राहू दे काकी" म्हटलं की दटावायच्या, "गप रव गो!"

त्यांचा अंगठा काढायचा ठरला. मुलगा बोटीवर, समुद्रात. ऑपरेशनला नेताना त्यांनी माझ्या खाटेजवळ ट्रॉली थांबवायला लावली.

"माका भय वाटता गो बाय."

"मी काय करू काकी? माझे तर हातसुद्धा हलत नाहीत."

"डोळे हलतत मा? मग मी येयसर जागी रव. कोणतरी आपल्यासाठी जागा आसा म्हटला की बरा वाटता."

मरणाच्या आदल्या रात्री प्रभू येशूने बागेत आपल्या शिष्यांकडे एवढंच मागितलं होतं, माझ्यासाठी जागे राहा. ते शिष्य झोपले. मी लहानपणापासून त्यांच्यावर चिडत आलेय.

आणि नेमकी गोळी मी नुकतीच घेतलेली! खाडी छतावरून खाली उतरायला लागली. पाणी खांद्यापर्यंत आलं, कोमट, गोड. आईने पहिल्यांदाच वळून बघितलं आणि ये म्हणून हात केला. मी म्हटलं, आई, आत्ता नाही गं, काकी यायच्यात. मी जपमाळ धरली, म्हणजे मनातच धरली. बाटलीतून एक थेंब पडला की एक मणी, एक नमो मरियाची प्रार्थना. थेंब, नमो मरिया. थेंब, नमो मरिया. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकत गेलं, माझे डोळे चुरचुरले, मी मिटू दिले नाहीत.

ट्रॉलीची चाकं वाजली. भुलीतून अर्धवट बाहेर आलेल्या काकींनी मान वळवली.

"जागी आसस मा गो?"

"आहे, काकी."

त्या माझ्या चादरीकडे बघत राहिल्या. "गो बाय, तुझो आंगठो हलता!"

मी खाली बघितलं. माझा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता. एकेक मणी पुढे सरकवत होता, जपमाळ नसताना. मी ढसाढसा रडले. अंगठा गेलेल्या काकी माझा अंगठा बघून रडल्या.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं, सुधारायची वेळच आली होती. असेल. मी वाद घातला नाही. श्वासाला मशीन लागलं नाही. उभं राहायला मात्र महिने गेले, फिजिओथेरपी म्हणजे रोजचं रडगाणं. ज्यांच्या नशिबी हे येईल त्यांना सांगते, घाई करू नका. आणि कुणी केस विंचरले तर विंचरू द्या.

आता मी काठी टेकत परत भेटींना जाते. डबा उचलवत नाही, नखं कापायला बोटं थरथरतात. परवा एका आजीकडे गेले, रात्र-रात्र भीतीने डोळा लागत नाही त्यांचा. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"झोपा तुम्ही," मी म्हटलं. "मी जागी आहे."