दाजींच्या होडीची हळद

फोन भाचीचा, सुमनचा होता. "मामा, दादा गेले... चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." केडगावहून पुणतांब्याला जाताना एसटीत मला रडू आलंच नाही. डोळ्यांपुढे सारखी ती फायबरची होडी येत होती, आणि तिच्यात पालथे पडून गळती शोधणारे दाजी. सुमनचे दादा, म्हणजे वडील; माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस असा हट्टी, की त्याच्यावर चिडत चिडत आपणही त्याच्याबरोबर पालथे पडायचो.

एकाहत्तर सालची गोष्ट. दाजींची निम्मी जमीन गोदावरीच्या पलीकडे, म्हणून त्यांनी मुंबईहून एक जुनी होडी ट्रकमध्ये घालून आणली. लाकडाच्या होड्या पाहिलेलं गाव तिला प्लॅस्टिकची बादली म्हणायचं. तिच्या तळाशी दोन्ही बाजूंना बंद टाक्या होत्या. त्यांत पाणी भरलं की वजनाने होडी स्थिर राहायची, नाहीतर कुणी उभं राहिलं तरी डुगडुगायची. दुखणं असं, की टाक्यांतलं पाणी झिरपून बसणाऱ्याच्या पायाशी यायचं. दाजींच्या थोरल्या बहीण, अक्का, पलीकडच्या काठावरच दिलेल्या. त्या एकदा बसल्या, पाय भिजले, आणि पुन्हा होडीत चढणार नाही म्हणून मोकळ्या झाल्या.

तशात सुमनचा जन्म झाला. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच. रस्त्याने यायचं तर कोपरगावचा वळसा. अक्कांच्या कमरेला बैलगाडी सोसत नव्हती. त्यांनी निरोप धाडला, दुसऱ्या कुणाकडून नाव ठेवून घ्या. दाजींना ते फार लागलं. "माझ्या पोरीच्या कानात दुसरं कोनी बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाले आणि होडीकडे गेले. मीही गेलो.

पाणी जिथे दिसेल तिथे आम्ही ठिगळ मारायचो. पण ते आत एकीकडे झिरपायचं, तळाने सरपटत जायचं आणि भलतीकडेच वर यायचं... गळणारी जागा तशीच, ठिगळं मात्र वाढत चालली. एकदा दाजींनी लवकर सुकावं म्हणून ठिगळाच्या चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर सढळ हाताने ओतलं; ते ढवळता ढवळताच दगड झालं, आणि ताईचं पुरणाचं पातेलं कायमचं कामातून गेलं. ताई दोन दिवस दाजींशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती हळदीचे हात साबणाने धूत होती आणि फेस लाल होत होता. दाजी बघतच राहिले. मग त्यांनी टाकीत हळदीचं पाणी भरलं, तळाला नि सांध्यांना साबणाचा फेस फासला आणि आम्ही दोघं पालथे पडलो. थोड्या वेळाने एका सांध्याशी लाल रेघ उमटली. "घावली," दाजी हळूच म्हणाले. टाकी रिकामी करून उन्हात वाळवली, सांधा घासला, काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून त्यावर बसवलं.

"बारशाची सगळी हळद होडीला पाजली तुमी," ताई म्हणाली. ही बातमी पलीकडे पोचताना थोडी बदलली. अक्कांचा निरोप आला: नवरीवानी होडीची हळद केली म्हनं, मंग मी येते. दाजींनी खुलासा केला नाही.

अक्का मागच्या फळीवर लुगडं आवरून बसल्या. वल्हवता वल्हवता दाजी विचारत होते, "अक्का, ओलं लागतंय का गं?"

"न्हाई रं. लई कोरडी हाय."

उतरल्यावर लुगड्याचा काठ ओला दिसला. उतरताना भिजला, म्हणाल्या. त्यांनी नाव ठेवलं तेव्हा दाजी दाराआड जाऊन रडले. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवायचे, अक्काला आणलं, पण थेंब आला न्हाई होडीत.

दहाव्याला अक्का आल्या, पुलावरून, जीपने. आता नव्वदीला टेकल्यात. अंगणात चिंचेखाली पडलेल्या होडीच्या काठावर बसल्या आणि मला जवळ बोलावलं. "आता सांगायला हरकत न्हाई. त्या दिशी माझं पाय भिजलं हुतं. फळीखालनं पानी येत हुतं, मी लुगड्यानं दाबून बसले. त्यानं लई कष्ट केल्ते रं..."

मी वाकून त्या फळीखाली पाहिलं. तिथे एक ठिगळ होतं. मी केलेलं नव्हतं, मी पाहिलेलंही नव्हतं. नंतर कधीतरी एकट्याने, घाईने बसवलेलं, कडा वाकड्या. मी अक्कांचा हात धरून त्यावर टेकवला. त्या बराच वेळ तो खरखरीत चौकोन चाचपत राहिल्या.

"मंजी त्याला ठावं हुतं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसता पुसता हसू लागल्या.